अपडेट झालं तरी मोजणी शून्य का येते?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही दोघं मित्र सांगली जिल्ह्यात दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. चार वर्षं सगळं एसक्यूलाइटवर (एकाच फाइलमध्ये राहणारा छोटा डेटाबेस) चाललं, प्रत्येक केंद्रावर एक कॉम्प्युटर आणि त्यातच डेटा. आता एका संघाला सगळी केंद्रं एकाच मायएसक्यूएलवर (सर्व्हरवर चालणारा डेटाबेस, सगळे त्यालाच जोडतात) पाहिजेत. आमची पायथनमधली छोटी डेटा अ‍ॅक्सेस लायब्ररी आहे, तिच्यात अडॅप्टरचा (एकेका डेटाबेसशी बोलणारा कोडचा भाग) इंटरफेस, म्हणजे ठरलेल्या मेथडची यादी, आधीपासून ठेवलेला होता : कनेक्ट, एक्झिक्यूट, एक ओळ आण, सगळ्या आण, कमिट (बदल पक्के करणं), रोलबॅक (बदल मागे घेणं). तर मायएसक्यूएलचा अडॅप्टर दोन दिवसांत लिहून झाला, सगळ्या मेथड आहेत, पण आता रोज नवीन भानगड. काही सभासदांच्या एकाच वेळच्या दुधाच्या दोन-दोन नोंदी पडतात, एका शेतकऱ्याचं बिल दुप्पट निघालं. ऑफिसच्या स्क्रीनवर केंद्रावरच्या नवीन नोंदी दिसत नाहीत, प्रोग्राम बंद करून उघडला की दिसतात. आणि पहाटे साडेपाचला पहिलीच नोंद ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ म्हणून पडते, प्रोग्राम परत चालू केला की दिवसभर काही नाही, दुपारीसुद्धा नाही. एसक्यूलाइटवर यातलं काहीच नव्हतं. काय चुकलं? (नाव छापू नये.)

उत्तर : आधी बिलाचं बघू, कारण त्यात लोकांचे पैसे आहेत. तुमच्या लायब्ररीत ‘सेव्ह’ कसं लिहिलंय ते तुम्ही कळवलं नाहीत, पण मला जवळजवळ खात्री आहे की ते असं असणार : आधी अपडेट (असलेली ओळ बदलायची क्वेरी) मारायचं, किती ओळींवर लागू झालं ते रोकाउंटमधून बघायचं, आणि शून्य आलं तर ओळ नाहीच असं समजून इन्सर्ट करायचं, म्हणजे नवीन ओळ घालायची. एसक्यूलाइटवर हे चालतं, कारण तिथे रोकाउंट म्हणजे अट लागू झालेल्या ओळी, किंमत तीच राहिली तरी ती ओळ मोजली जाते. मायएसक्यूएल मात्र ज्या ओळीत खरोखर काही बदललं तेवढ्याच ओळी मोजून सांगतं. आता केंद्रावर काय होतं ते डोळ्यासमोर आणा. क्लार्कने ८.५ लिटर, फॅट ४.२ टाकून सेव्ह केलं, पावती नीट निघाली नाही म्हणून काहीही न बदलता परत सेव्ह दाबलं. ओळ जागेवर आहे, आकडे तेच आहेत, बदललं काहीच नाही म्हणून मायएसक्यूएल शून्य सांगतं, लायब्ररी म्हणते ओळ सापडली नाही, आणि दुसरी नोंद पडते. एरर कुठून येणार, प्रत्येकाने आपलं काम बरोबरच केलंय.

उपाय सोपा आहे. कनेक्शन उघडताना क्लायंट फ्लॅगमध्ये ‘फाउंड रोज’ द्या, मग मायएसक्यूएलसुद्धा सापडलेल्या ओळी मोजून देतं. जँगो आणि एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या प्रसिद्ध लायब्ररी, दोघंही मायएसक्यूएलला जोडताना हा फ्लॅग लावतात, म्हणजे ही ठेच फक्त तुम्हालाच लागलेली नाही. पण तेवढ्यावर थांबू नका, टेबलावर युनिक की (त्याच किमतींची दुसरी ओळ पडू न देणारा नियम) लावाच, कारण दोन कॉम्प्युटरवरून एकाच क्षणी सेव्ह आलं तर फ्लॅग काही वाचवणार नाही. की ठरवताना घाई करू नका हं. केंद्र, सभासद, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ एवढीच घेतली तर ज्याच्या घरी गायही आहे आणि म्हैसही आहे त्याची दुसरी नोंद अडेल. दुधाचा प्रकार घ्या, आणि कुणी नंतर दुसरी किटली आणत असेल तर पावती नंबरच घ्या. आणि हो, आधी पडलेल्या दुबार नोंदी शोधून बिलं दुरुस्त करून द्या, ते कोडच्या आधी.

स्क्रीनचं कारण वेगळं आहे. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये (डेटा साठवणारं त्याचं नेहमीचं इंजिन) डीफॉल्ट आयसोलेशन ‘रिपीटेबल रीड’ असतं, म्हणजे ट्रान्झॅक्शनमधल्या (कमिट किंवा रोलबॅकपर्यंतचा एक व्यवहार) पहिल्या सिलेक्टच्या, म्हणजे वाचायच्या क्वेरीच्या, वेळी डेटा जसा होता तसाच तो ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत साध्या सिलेक्टला दिसत राहतो. आणि पायथनच्या डीबी-एपीआयचा (डेटाबेस ड्रायव्हरांसाठीचं ठरलेलं मानक) नियम असा की ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक क्वेरीनंतर आपोआप कमिट, सुरुवातीला बंद पाहिजे, त्यामुळे तुमच्या ऑफिसच्या प्रोग्रामने सकाळी पहिला सिलेक्ट मारला तेव्हाच ट्रान्झॅक्शन सुरू झालं आणि नुसतंच वाचायचंय म्हणून तुम्ही कमिट कधी केलंच नाही, मग संध्याकाळीही स्क्रीन सकाळचाच डेटा दाखवतो. एसक्यूलाइटचं पायथन मॉड्यूल नेहमीच्या सेटिंगमध्ये सिलेक्टच्या आधी ट्रान्झॅक्शन उघडत नाही, म्हणून तिकडे हे कधी जाणवलं नाही. वाचून झालं की कमिट किंवा रोलबॅक करा, किंवा नुसत्या वाचायच्या कनेक्शनला ऑटोकमिट चालू ठेवा. मला विचाराल तर हे स्क्रीन लिहिणाऱ्यावर सोडू नका, अडॅप्टरमध्येच ‘वाचन’ आणि ‘व्यवहार’ असे दोन दरवाजे ठेवा.

पहाटेच्या एररचं गणित तर घड्याळात आहे. मायएसक्यूएलचा वेट टाइमआउट, म्हणजे रिकामं कनेक्शन किती वेळ ठेवायचं ती मर्यादा, डीफॉल्टने २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास. संध्याकाळचं संकलन आठला संपत असेल तर पहाटे साडेपाचपर्यंत साडेनऊ तास कनेक्शन नुसतं पडून राहतं, सर्व्हर ते तोडून टाकतो. दुपारची सुट्टी आठ तासांपेक्षा कमी, म्हणून दुपारी येत नाही. बरेच जण इथे टाइमआउट वाढवून मोकळे होतात, मला ते पटत नाही, कारण लाइट गेली, राउटर बंद झाला तर परत तेच. कनेक्शन वापरायला देण्याआधी अडॅप्टरने पिंग करावं, म्हणजे ते जिवंत आहे का ते विचारून बघावं, आणि मेलेलं असेल तर नवीन उघडावं. फक्त एक पथ्य : ट्रान्झॅक्शनच्या मध्ये कनेक्शन तुटलं तर गुपचूप नवीन उघडून पुढे जायचं नाही. तुटलेल्या कनेक्शनबरोबर आधीची अर्धी कामं रोलबॅक झालेली असतात, नवीन कनेक्शनवर उरलेली अर्धी गेली तर नोंद पडते आणि खात्यात रक्कम नाही, असं काहीतरी होऊन बसतं. तिथे एरर वरच जाऊ द्या, सगळा व्यवहार पहिल्यापासून होऊ दे.

तुम्ही न विचारलेलं एक सांगते, पुढे लागेलच. मायएसक्यूएलमध्ये क्रिएट टेबल, अल्टर टेबल (टेबल बनवणं, त्याची रचना बदलणं) केलं की आधीचं सगळं आपोआप कमिट होतं, एसक्यूलाइटमध्ये ते रोलबॅक होऊ शकतं. तुमची अपग्रेड स्क्रिप्ट ‘बिघडलं तर रोलबॅक’ या भरवशावर असेल तर मायएसक्यूएलवर तो भरवसा नाही.

आणि मेथड सगळ्या असूनही असं का झालं? तुमच्या इंटरफेसमध्ये नावं आहेत, पण रोकाउंट म्हणजे नक्की काय, वाचल्यावर ट्रान्झॅक्शन उघडं राहतं का, दुबार की आली तर कुठली एक्सेप्शन येणार, हे कुठेच लिहिलेलं नाही. एसक्यूलाइट जे करत होतं तोच तुमचा न लिहिलेला नियम झाला. आता प्रत्येक नियमाची एक टेस्ट लिहा आणि तोच टेस्टचा संच दोन्ही अडॅप्टरवर चालवा, मायएसक्यूएलच्या बाजूला खरा सर्व्हर ठेवून, खोट्या ऑब्जेक्टवर नाही. पहिली टेस्ट मीच देते : एक ओळ घाला, तीच किंमत परत अपडेट करा, रोकाउंट १ आला पाहिजे.

प्रश्न : एसक्यूलाइटला पॅरामीटरसाठी (क्वेरीत नंतर भरायच्या किमतीच्या जागी) प्रश्नचिन्ह लागतं आणि मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरला टक्का-एस (%s). मी अडॅप्टरमध्ये सरळ रिप्लेस करतो, चालेल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : चालेल, पण ज्या दिवशी क्वेरीतल्या अवतरणात खरंच प्रश्नचिन्ह येईल त्या दिवशी मोडेल. उलट बाजूने लाइकमधला (नमुन्यावरून शोधायची अट) साधा टक्कासुद्धा अडतो, पॅरामीटर दिलेले असतील तर तो दोनदा लिहावा लागतो. डीबी-एपीआय २.० मध्ये, म्हणजे पेप २४९ मध्ये, पॅरामीटर लिहायच्या पाच पद्धती मान्य आहेत आणि ड्रायव्हर आपली पद्धत पॅरमस्टाइल या नावाने सांगतो. तेव्हा लायब्ररीने एसक्यूएलचे तुकडे आणि पॅरामीटरच्या जागा वेगवेगळ्या ठेवाव्यात आणि शेवटी जोडताना अडॅप्टरला खूण विचारावी. वैतागून किंमती थेट स्ट्रिंगमध्ये चिकटवू नकोस मात्र, तिथूनच इंजेक्शन होतं, म्हणजे कुणीतरी किमतीच्या जागी स्वतःची क्वेरी घुसवतं.

प्रश्न : आमच्या ऑफिसात डेटा ओरॅकलवर (आणखी एक डेटाबेस) हलवला. नावाचा कॉलम दोन्हीकडे ३० चा, तरी मराठी नावं अडतात, इंग्रजी जातात. अडॅप्टरचा दोष का? (नागपूर)

उत्तर : अडॅप्टरचा नाही, मोजपट्टीचा. ओरॅकलमध्ये काही सांगितलं नाही तर व्हारकॅर-टू (मजकुराचा कॉलम) ३० म्हणजे ३० बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरून. ‘ज्ञानेश्वर’ मोजून बघा : ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, दहा चिन्हं, बरोबर ३० बाइट. पुढे ‘राव’ लावलं की गेलं. मायएसक्यूएलमध्ये तोच ३० चिन्हांमध्ये मोजतात, आणि एसक्यूलाइट तर लांबी तपासतच नाही. कॉलम ‘३० कॅर’ असा करून घ्या, आणि नवीन टेबल अडॅप्टरच बनवत असेल तर त्यालाही ‘कॅर’ लिहायला लावा.