पहिल्याच पुस्तकाचा लेखक कुठे भेटतो?

वाचक विचारतात

प्रश्न : ताई, माझी मुलगी अमेरिकेत असते. पुढच्या खेपेला आम्ही दोघी मिळून बाउचरकॉन या रहस्यकथाप्रेमींच्या संमेलनाला जायचं म्हणतोय. नावाजलेले लेखक माझे वाचून झालेत. मला पहिलंच पुस्तक आलेले लेखक शोधायचेत. पण कार्यक्रमपत्रिकेत शेकड्यांनी नावं असतात म्हणे. निवडायचं कसं?
*– एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड*

उत्तर : निवडायला सुरुवात कोथरूडात बसूनच करा. बाउचरकॉनमध्ये अँथनी पुरस्कार दिले जातात. त्यात पहिल्या कादंबरीसाठी स्वतंत्र विभाग असतो आणि मतं संमेलनाला येणारे लोकच देतात. नामांकनं बरीच आधी जाहीर होतात, ती उतरवून घ्या. अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या संघटनेच्या एडगर पुरस्कारातही पहिल्या कादंबरीचा मान वेगळा असतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी जॉन क्रीझी डॅगर हा पुरस्कार आहे. या तीन याद्या शेजारी ठेवल्या की तुमच्या वहीचं एक पान भरेल.

मात्र यादीवर थांबू नका. अमेरिकी रहस्यलेखिका पॅट्रिशिया कॉर्नवेल यांची पहिली कादंबरी 1990 साली आली आणि तिला एडगर, क्रीझी आणि अँथनी असे तिन्ही मान मिळाले. तीच कादंबरी आधी एकामागून एक प्रकाशकांनी साभार परत केली होती. पुस्तक वाचणारे, निवडणारे लोकही चुकतात. यादीत न आलेल्या पुस्तकासाठीच तर एवढ्या लांब जायचं.

बाउचरकॉन 1970 साली कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाला सुरू झालं. अँथनी बाउचर या समीक्षक-लेखकाच्या स्मरणार्थ ते नाव ठेवलं. दरवर्षी शहर बदलतं आणि सगळा पसारा स्वयंसेवक वाचक सांभाळतात. बहुतेक लेखकही आपल्यासारखेच पैसे भरून नोंदणी करतात. त्यामुळे लिफ्टमध्ये, चहाच्या रांगेत, जिन्यावर कुणाशीही बोलता येतं. आपल्याकडे साहित्य संमेलनात व्यासपीठ आणि मांडव यांच्यात जे अंतर असतं, ते तिथे जवळजवळ नाहीच.

मी 2023 साली सॅन डिएगोच्या बाउचरकॉनला गेले होते. जाताना बाकीच्यांसारखीच मोठ्या नावांच्या मुलाखतींवर खुणा केल्या होत्या. पण मला खरा ऐवज मिळाला तो सकाळच्या पहिल्या सत्रात. नव्या लेखकांना बहुधा अशाच वेळा मिळतात. दालनात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. टेबलामागे पाच जण आणि एक सूत्रसंचालक. त्यातल्या एक बाई पूर्वी कोर्टात स्टेनोग्राफर होत्या. त्या म्हणाल्या, साक्षीदार जे बोलतो ते सगळं मी टिपून घ्यायचे, पण तो गप्प बसला तर ते कागदावर येत नाही. वकिलाचा प्रश्न येतो, त्याखाली उत्तर येतं आणि मधली शांतता गायब होते. वर्षानुवर्षं त्या गायब झालेल्या शांतता त्यांच्या डोक्यात साठत गेल्या आणि त्यातून कादंबरी आली. मी हे ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. आपल्या शिवाजीनगर कोर्टातल्या जबानीचे कागद ज्यांनी चाळलेत, त्यांना हे लगेच पटेल. खून कसा झाला हे शंभर जण सांगतील. हे मात्र त्या एकट्याच सांगू शकत होत्या.

तेव्हा सत्रात बसल्यावर कथानकाकडे फार लक्ष देऊ नका. कथानक सगळेच रंगवून सांगतात. या माणसाला असं काय ठाऊक आहे, जे शेजारी बसलेल्या चौघांना नाही, ते शोधा. सूत्रसंचालकाकडेही कान असू द्या. चांगला सूत्रसंचालक पाचही पुस्तकं वाचून आलेला असतो. तो एखाद्या नवख्याला पुस्तकातला नेमका प्रसंग धरून प्रश्न विचारू लागला की समजा, त्यालाही ते पुस्तक आवडलंय. ते नाव खाली दोन रेघा ओढून लिहून ठेवा.

सत्र संपलं की लेखक सही करायला बसतात. बाजूच्या टेबलावर नामवंताची रांग दाराबाहेर गेलेली असते आणि नवख्यासमोर दोन-चार माणसं. तुम्ही तिथेच थांबा. निवांत बोलता येतं. सही घेण्याआधी पुस्तक हातात घ्या आणि मधलं पान उघडा. पहिलं पान नको. पहिली पानं प्रकाशकाला आणि एजंटला पाठवण्यासाठी लेखकाने घासूनपुसून चकचकीत केलेली असतात, त्यावरून काही ठरत नाही. शंभराव्या-सव्वाशेव्या पानाच्या आसपास, जिथे खून होऊन बराच वेळ झालाय आणि उकल अजून लांब आहे, तिथे दोन पानं वाचा. दोन माणसं नुसती बोलत असूनही तुम्हाला पान उलटावंसं वाटलं, तर पुस्तक घ्या. रहस्यकथेचा कस तिथेच लागतो.

तसंच शेवटचं ऋणनिर्देशाचं पान बघा (शेवटचं प्रकरण नव्हे, तो मोह आवरा!). तिथे कुणा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचे आभार असतात, कुणा पोलिसाचे, आणि हस्तलिखित वाचून दिलेल्या लेखकमित्रांचे. त्या मित्रांतले दोघे-तिघे स्वतःही नवे असतात. एका पुस्तकातून पुढची तीन नावं अशी हाती लागतात. मी अशीच साखळी धरून वाचत आले आहे आणि तिने मला क्वचितच निराश केलंय.

पैशांचंही बोलायला हवं. तिकडे नव्या लेखकाचं पुस्तक बहुधा आधी पुठ्ठाबांधणीत निघतं, किंमत 28-30 डॉलरच्या घरात. चार घेतली तरी खिशाला आणि बॅगेला जड होतात. संमेलनात नोंदणी करणाऱ्यांना काही पुस्तकं मोफत मिळतात. त्यात प्रकाशनाआधीच्या वाचन-प्रती असतात, वर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं. मोठ्या नावाच्या पुस्तकावर झडप पडते. तुम्ही अनोळखी नावं उचला. पण जे पुस्तक खरंच भावेल, ते विकत घ्या. अमेरिकेत नवोदिताशी पुष्कळदा दोन पुस्तकांचा करार होतो आणि तिसरं निघणार की नाही हे पहिल्याच्या खपावर ठरतं. तुमच्या एका प्रतीचं वजन तिथे फार असतं.

वेळ आणि पैसा जमत असेल तर वसंतात वॉशिंग्टनजवळ भरणारं मॅलिस डोमेस्टिकही बघा. रक्तपात कमी आणि कोडं जास्त, अशा परंपरेतल्या रहस्यकथांचं ते संमेलन आहे. तिथे वाचक गोल टेबलांभोवती बसतात आणि लेखक दोघादोघांनी टेबलामागून टेबल फिरत, दोन-दोन मिनिटांत आपलं पुस्तक सांगतात. लेखिका सुजाता मॅसी यांच्या पहिल्या कादंबरीला याच संमेलनाचा अगाथा पुरस्कार मिळाला होता. पुढे त्यांनी 1921च्या मुंबईतली एक पारशी वकील तरुणी नायिका म्हणून उभी केली. तिच्यामागे प्रेरणा होती भारतातल्या सुरुवातीच्या महिला वकिलांपैकी एक, कॉर्नेलिया सोराबजी यांची, आणि कॉर्नेलिया शिकल्या आपल्या डेक्कन कॉलेजात! पुण्याच्या वाचकाने तर ही मालिका वाचायलाच हवी.

इंग्लंडला कुणी जाणार असेल तर जुलैत हॅरोगेट या गावी रहस्यकथांचा महोत्सव असतो. तिथलं नवोदितांचं ‘न्यू ब्लड’ हे सत्र चुकवू नका. लेखिका व्हॅल मॅकडर्मिड वर्षानुवर्षं त्यासाठी चार नवे लेखक निवडत आल्या आहेत. महोत्सव भरतो ते हॉटेलही बघण्यासारखं आहे. अगाथा ख्रिस्ती 1926 साली बेपत्ता झाल्या, त्या शेवटी तिथेच सापडल्या होत्या.

प्रश्न : अमेरिका-इंग्लंड आम्हाला या वयात झेपणारं नाही. लहानपणी बाबूराव अर्नाळकर, पुढे सुहास शिरवळकर अधाशासारखे वाचले. आता मराठीत नवं कोण लिहितंय तेच कळत नाही. पुण्यात असं काही संमेलन आहे का?
*– सदाशिव पेठेतील एक आजोबा*

उत्तर : आजोबा, पेठेतल्या वाचनालयाच्या काउंटरवर माझी उमेदीची वर्षं गेली. शिरवळकरांच्या पुस्तकासाठी मुलं दारात ताटकळत उभी राहायची, ते मी रोज बघत होते. त्यामुळे तुमची तळमळ मला नीट कळते. केवळ रहस्यकथावाल्यांचं असं संमेलन आपल्याकडे रुजलेलं नाही, आणि ज्या भाषेत अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तिथे ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तोवर मार्ग आहेत.

पहिला मार्ग दिवाळी अंकांचा. मराठीत नवा रहस्यलेखक बहुधा पुस्तकाच्या आधी दिवाळी अंकात दिसतो. ‘धनंजय’सारखे अंक वर्षानुवर्षं रहस्य आणि गूढकथांना जागा देत आले आहेत. सगळे विकत घेण्याची गरज नाही. पेठेतल्या वाचनालयांत दिवाळी अंक योजना असते, एकदा पैसे भरले की दोन-तीन महिने अंक बदलून वाचता येतात. अंक हातात आला की अनुक्रमणिकेतल्या ओळखीच्या नावांवरून पुढे सरका आणि जे नाव कधीच ऐकलं नाही तिथे आधी थांबा. कथा आवडली तर संपादकांना पत्र टाका, लेखकाचं नाव घालून टाका. अशी पत्रं संपादक जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी त्या लेखकाला पुन्हा कथा मागतात.

दुसरा मार्ग, डिसेंबरातला पुणे पुस्तक महोत्सव. राष्ट्रीय पुस्तक न्यासाने तो 2023 साली सुरू केला, फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर. शनिवार-रविवारी गर्दी फार होते, तुम्ही आडवारी दुपारी जा. मोठी दालनं सोडून लहान प्रकाशकांच्या गाळ्यांवर थांबा. तिथे बहुधा प्रकाशक स्वतःच बसलेले असतात. त्यांना विचारा, “यंदा पहिलंच पुस्तक कुणाचं काढलंत?” ‘नवीन काय आलंय’ असं विचारलं तर ते सर्वात खपणारं पुढे करतील. पहिल्या पुस्तकाचं विचारलंत की त्यांचा चेहराच बदलतो, कारण ते पुस्तक त्यांनी भरवशावर छापलेलं असतं. मग खुर्ची पुढे ओढून देतात आणि लेखकाची सगळी हकिगत सांगतात. वर्षभरात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांतही हाच प्रश्न चालतो, फक्त शाळा सुरू होण्याचा हंगाम टाळा.

आणि तुमच्या वयाचे, तुमच्यासारखेच वाचून वाढलेले चौघे पेठेत नक्की असतील. एखादी कथा सगळ्यांनी वाचा आणि लेखकाला चहाला बोलवा. पुण्यात कुणाच्या बैठकीच्या खोलीत आठ माणसं जमली तरी नवा लेखक आनंदाने येईल. तुम्ही बोलावलंत तर मलाही कळवा, मी येईन.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. मला थ्रिलर आवडतात. नवीन लेखक समोर आला तर त्याला काय विचारू? घरचे म्हणतात हे वाचन वेळ घालवणं आहे.
*– हडपसरची एक विद्यार्थिनी*

उत्तर : ‘कल्पना कशी सुचली’ हे सगळेच विचारतात, तू विचारू नकोस. ‘लिहिताना कुठलं प्रकरण काढून टाकावं लागलं?’ असं विचार. उत्तर लांबलचक येईल आणि कादंबरी बांधतात कशी, ते तुला कळेल. घरच्यांशी वाद घालू नकोस. आवडलेल्या रहस्यकथेतला एखादा सुगावा लेखकाने तुझ्या डोळ्यांदेखत कुठल्या वाक्यात लपवला होता, तो पुन्हा मागे जाऊन शोध आणि आईला दाखव. इतक्या बारकाईने वाचायला तुझं पाठ्यपुस्तकही तुला शिकवत नाही.

प्रश्न : माझी पहिली रहस्यकादंबरी येत्या महिन्यांत प्रकाशित होतेय. वाचकांसमोर दहा मिनिटं बोलायचं आहे. रहस्य न फोडता बोलायचं तरी काय?
*– एक नवा लेखक, सिंहगड रस्ता*

उत्तर : सर्वात आधी अभिनंदन! पुस्तक आलं की मला कळवा, मी विकत घेऊन वाचेन.

दहा मिनिटांतली तीन मिनिटं वाचनाला ठेवा. प्रेत सापडतं तो प्रसंग वाचू नका, तो ऐकणाऱ्याला अपेक्षितच असतो. त्याच्या जरा आधीचा, सगळं अजून ठीक चाललंय असा प्रसंग घ्या आणि घरी मोठ्याने वाचून वेळ लावून बघा. उरलेल्या वेळात तुम्ही कुठे कुठे हिंडून माहिती जमवलीत ते सांगा. पोलीस चौकीत बसला असाल, ससूनमधल्या कुणा डॉक्टरांशी बोलला असाल, मुठेच्या काठाने रात्री चालून पाहिलं असेल, तर ते तपशिलात सांगा. त्यात रहस्य फुटत नाही आणि ऐकणाऱ्याला कळतं की या माणसाने कष्ट घेतलेत. तज्ज्ञांची नावं घेण्याआधी त्यांची परवानगी घ्या. पुस्तकातल्या कुठल्याही पात्राला ‘संशयित’ म्हणू नका. तेवढ्या एका शब्दावरून पुण्यातला वाचक खुनी ओळखतो.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी हमखास शेवटच सांगू लागेल. त्याला हसून थांबवा आणि म्हणा, “आपण दोघं नंतर बाहेर बोलू.” आणि नंतर खरंच त्याच्याशी बोला. त्याने तुमचं पुस्तक पूर्ण वाचलेलं असतं.