टिमोथीचं बी मागवू नका, त्यांची सायलेजची रीत उचला

वाळपईकडच्या एका दूधवाल्या भावाने विचारलंय, मुलगा फिनलंडला आहे, तिथल्या हिरव्यागार कुरणांचे व्हिडिओ पाठवतो, ते टिमोथी गवत आपल्याकडे लावता येईल का. पेडण्यातल्या एका ताईंचा प्रश्न, तिकडे महिनोन् महिने बर्फ, मग गवत मरत कसं नाही?

ताईंचं आधी सांगतो. टिमोथी बारमाही गवत, दिवस लहान व्हायला लागले की ते वाढ आवरतं, बुडाशी साखर साठवतं, वरचं पान गेलं तरी बूड जिवंत राहतं. भुसभुशीत बर्फाचं पांघरूण तर त्याला गारठ्यापासून वाचवतंच. खरा धोका बर्फ वितळून परत गोठला की, वर काचेसारखा थर बसतो, हवा कोंडते आणि बूड गुदमरतं. त्यातही टिमोथी इतर गवतांपेक्षा जास्त तग धरतं.

पण भाऊ, आपल्या गोव्यात नाही जमणार. त्याला 15-20 अंशांची हवा मानवते, आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ते मान टाकेल. पैसे वाया घालवू नका.

उचलायचं ते त्यांचं नियोजन. त्यांना उन्हाळ्याचे मोजकेच महिने मिळतात, त्यात दोन, फार तर तीन कापण्या, त्याही कणीस बाहेर पडायला लागलं की लगेच, कारण उशीर झाला की काड निबर होतं आणि गाईला पचत नाही. मग प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून हवेविना आंबवतात, यालाच सायलेज म्हणतात, आणि तेच हिवाळाभर गाईंना घालतात. आपल्याकडे पावसात गवत मावत नाही आणि मार्चनंतर गोठ्यात नुसता पेंढा! वाळवून ठेवू म्हटलं तर जुलैत ऊन कुठे, म्हणून सायलेजच.

संकरित नेपियर या उंच वाढणाऱ्या चारा-गवताच्या दोन डोळ्यांच्या कांड्या पहिल्या पावसावर लावा, पहिली कापणी 70-75 दिवसांनी, पुढे दर 45 दिवसांनी, अर्धी वीत बूड सोडून. उंच वाढलेलं बघून बरं वाटतं पण ते निबर असतं, थांबू नका. नेपियरात पाणी फार, कापल्यावर अर्धा दिवस शेडखाली पसरा, मग कुट्टी करून 100 किलोला 2 किलो गूळ थोड्या पाण्यात कालवून शिंपडा आणि ड्रममध्ये थर थर भरत पायाने तुडवा, अगदी जोर लावून, हवा राहिली की बुरशी आलीच. तोंड घट्ट बंद करून 45 दिवस उघडू नका. आंबटगोड वास आला तर जमलं, काळं किंवा बुरशी धरलेलं कुठल्याच जनावरासमोर टाकू नका, गाभण गाईसमोर तर चुकूनही नको.

कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, सावली असेल तर नेपियरऐवजी गिनी गवत लावा. यंदा एकच ड्रम भरून बघा, उघडाल तेव्हा मला बोलवा, मी येतो.