मनालीला जाताना आधी पाय सांभाळा

प्रश्न : ताई, नाताळच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन मनालीला चाललोय. निफाडची थंडी सोसलेली आहे, घरचे स्वेटर पुरतील ना? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : नाही पुरणार. आपल्याकडे दुपारी ऊन लागतं. मनाली सुमारे २००० मीटरवर, तिथे बर्फात कपडे ओले होतात. सुती मोजे भिजले की लवकर वाळत नाहीत, बोटं बधिर होतात. म्हणून सासूबाईंसाठी लोकरीचे जोड जास्तीचे घ्या, एक हाताशीच्या पिशवीत असू द्या. बूट जाड मोजे घालूनच मापून बघा, पाय आवळला की जास्त गार पडतो. अंगात थर्मल, मग स्वेटर, वर वारा अडवणारं जॅकेट. मनालीजवळच्या सोलंग खोऱ्याच्या वाटेवर कोट, गमबूट भाड्याने मिळतात. विकत घेऊ नका. आणि टाचांच्या भेगांना कोकमतेल न्याच.