मापात घेतलेली मदत

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तुमच्या घरी येऊन गेलो तेव्हा एक प्रसंग पाहिला. तो चार दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतले आहे. अपघातात पाय गेलेली तू पलंगावर बसली होतीस. बोलता बोलता तुला तहान लागली आणि तुझा हात कुबडीकडे गेला. तुला उठायचे आहे हे लक्षात येताच आई, बाबा आणि तुझा धाकटा भाऊ असे तिघेही एकदम उठले. माठ तुझ्या पलंगापासून सहा-सात पावलांवर होता. भाऊ पेला घेऊन आला, तू दोन घोट पाणी प्यायलीस आणि कुबडीवर ठेवलेला हात हळूच मांडीवर परत घेतलास. घरातल्या कोणाला त्यात काही वावगे दिसले नसेल. मला मात्र तो परत घेतलेला हात फार ओळखीचा वाटला.

माझ्या उजव्या हाताची दोन बोटे नाहीत हे तू लहानपणापासून पाहत आली आहेस, पण ती कशी गेली हे तू कधी विचारले नाहीस आणि मीही सांगितले नाही. १९८७ साली मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, कामाला होतो. रात्रपाळी सुटायला तासभर उरला होता. डायमध्ये, म्हणजे यंत्राच्या साच्यात, पत्र्याचा तुकडा अडकला. तो चिमट्याने काढायचा असतो हे मला पाठ होते, तरी मी हात घातला, आणि पायडलवर पाय नसताना प्रेसचा दुसरा स्ट्रोक खाली आला. तर्जनी आणि मधले बोट गेले. दोष यंत्राच्या क्लचचा की माझ्या घाईचा, यावर पुढे पुष्कळ काथ्याकूट झाला. मी २४ वर्षांचा होतो आणि लग्नाला जेमतेम सात महिने झाले होते.

त्यानंतरचे आठ महिने मी घरात बसून काढले. आई वरण-भात कालवून भरवीत असे, सदऱ्याची बटणे लावून देत असे. बायको दाढीचे सामान मांडून ठेवी आणि दाढी झाली की उचलून नेई. जखम ओली होती तोवर हे सारे आवश्यकच होते. पण टाके निघाले, जखम सुकली, तरी ही व्यवस्था तशीच चालू राहिली, कारण ती थांबवायची कोणी हे कोणालाच ठरविता येईना. आईला वाटे की मीच कधीतरी ‘आता राहू दे’ म्हणेन, आणि मला वाटे की ती आपणहून थांबेल. एकदा आई आठ दिवस ओझरला मावशीकडे गेली होती आणि बायको भाजी आणायला बाहेर पडली होती. तेवढ्यात पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. मी बनियनवर बसलो होतो आणि सदऱ्याची बटणे मला लावता येत नव्हती, म्हणून मी दारच उघडले नाही. तीन वेळा कडी वाजवून तो निघून गेला. लग्नाकार्याला तर मी जाणेच सोडून दिले होते, कारण पंगतीत डाव्या हाताने जेवणे वाईट दिसते आणि उजव्या हाताने जेवताना घास पानातच सांडत असे.

पुढे कारखान्याने मला प्रेस शॉपमधून काढून इन्स्पेक्शनला, म्हणजे मालाची मापे तपासायला, बसविले. तिथे एक वयस्कर इन्स्पेक्टर होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी माझी विचारपूस केली नाही. टेबलावर ५० पिनांचा ट्रे, एक व्हर्नियर (बारीक मापे घेण्याची सरकती पट्टी) आणि रजिस्टर ठेवले आणि ते आपल्या कामाला लागले. व्हर्नियर हे उजव्या हाताचे हत्यार आहे: पट्टी बोटांत धरायची आणि सरकता जबडा अंगठ्याने पुढे ढकलायचा. मधली बोटे नसली की ते हातातून निसटते, आणि डाव्या हातात धरावे तर आकडे उलटे दिसतात. ०.०२ मिलिमीटरपर्यंतचे माप घ्यायचे आणि हत्यारच हातात ठरत नाही, अशी ती गंमत होती. पहिल्या दिवशी माझ्या १७ पिना मोजून झाल्या. अण्णांचे एक वागणे मला फार उशिरा उमगले. पिनांचा जड क्रेट ते मी न मागता उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवीत. परंतु रजिस्टरमधला एकही आकडा त्यांनी माझ्यासाठी लिहिला नाही, आणि माझा आकडा चुकला तर ‘पुन्हा घे’ यापलीकडे शब्द काढला नाही. क्रेट त्यांचा आणि आकडा माझा, अशी ती वाटणी होती. दीड महिन्यांनी अंगठा आणि अनामिका यांच्यामध्ये व्हर्नियर धरण्याची माझी स्वतःची एक पकड बसली आणि निवृत्त होईपर्यंत मी तीच वापरली. त्याच पकडीने वरण-भातही तोंडापर्यंत नीट जाऊ लागला.

मला तुला सांगायचे आहे ते या वाटणीविषयी. सगळी मदत घेत राहणे सोपे असते, आणि एखाद्या दिवशी संतापून सगळीच झिडकारणेही सोपे असते. मी दोन्ही करून पाहिले आहे. अवघड आहे ते मदतीचे माप घेणे, म्हणजे समोरच्या कामातला नेमका कोणता तुकडा आज आपल्याच्याने होत नाही हे पाहून तेवढाच दुसऱ्याच्या हाती देणे. आंघोळीला बादली भरून ठेवणे आणि स्टूल मांडणे हे आईचे काम असू दे, बाकीचे तुझे. माठापर्यंत तू जाऊ शकतेस, पण कुबड्यांमुळे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे भरलेला पेला आणू शकत नाहीस. तर मग माठाजवळ एक स्टूल ठेवून तिथेच बसून पाणी पी, किंवा झाकणाची बाटली शबनम पिशवीत घालून गळ्यात अडकव. आणि हे माप दर आठवड्याला बदलते, म्हणून ते तूच सांगायला हवे, कारण घरच्यांना ते बाहेरून दिसत नाही. आईला ‘नको’ म्हणू नकोस, ‘एवढेच कर’ म्हण. तिला पहिल्यांदा वाईट वाटेल. माझ्या आईलाही वाटले होते. तिने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी मला बटण लावताना पाहून देवापुढे साखर ठेवली.

आता तुझ्या पायाविषयी. मी डॉक्टर नाही, पण ज्यांचे पाय गेले अशा कामगारांबरोबर बराच फिरलो आहे, म्हणून काही गोष्टी ठाऊक आहेत. क्रेप बँडेज आठच्या आकड्यासारखे तिरके फिरवून बांधायचे असते, टोकाला घट्ट आणि वर येताना सैल. गोल गोल गुंडाळले तर रक्तप्रवाह अडतो आणि स्टंपचा, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाचा, आकार बिघडतो. फिजिओथेरपिस्टकडून ते स्वतः बांधायला शीक, भावावर सोपवू नकोस. रविवारी तुझ्या गुडघ्याखाली उशी होती. बरे वाटते म्हणून आई ती ठेवत असेल, पण गुडघा दिवसचे दिवस वाकलेला राहिला तर तो तसाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय बसवणे कठीण होऊन बसते. ती उशी आजच काढ. नसलेल्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटते असे तू चाचरत सांगितलेस, जणू काही वेड लागल्याची कबुली देत होतीस. माझी तर्जनी मला अजूनही थंडीत दुखते. मेंदूतला त्या अवयवाचा नकाशा लगेच पुसला जात नाही, म्हणून असे होते. मेंदूचा अभ्यास करणारे डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाचा उपाय काढला: धड अवयव आरशासमोर हलवायचा आणि त्याच्या प्रतिबिंबात गेलेला अवयव हलताना पाहायचा. सगळ्यांनाच त्याचा गुण येतो असे नाही, पण तुझ्या फिजिओथेरपिस्टला विचारून बघ.

पाय बसविला की काम संपले असे समजू नकोस. पहिल्या काही महिन्यांत स्टंप आक्रसत जातो, सॉकेट (कृत्रिम पायाची, स्टंप ज्यात बसतो ती खोबण) सैल होते, आत मोज्यांचे थर वाढवावे लागतात आणि पुढे सॉकेटच बदलावे लागते. पाय खराब निघाला असे म्हणून घरचे लोक याच टप्प्यावर नाराज होतात. जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ साली कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविला, तो आपल्या लोकांना मांडी घालता यावी, उकिडवे बसता यावे आणि अनवाणी चालता यावे हे डोळ्यांसमोर ठेवून. तुझ्यासाठी तो योग्य की दुसऱ्या प्रकारचा, हे तंत्रज्ञ ठरवतील. तू मात्र तुला दिवसभरात काय काय करायचे असते ते त्यांना तपशिलाने सांग. तुमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हेही सांग. जिना चढताना धड पाय आधी आणि उतरताना कृत्रिम पाय आधी, एवढे आतापासून मनात बसव.

कागदांचे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला मुदत असते. महामार्गावर ट्रकने धडक दिली तेव्हापासून अडीच महिने झाले. मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करण्यासाठी एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून बाबांना याच आठवड्यात वकिलाकडे पाठव. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढून घे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असले की सरकारी आणि अनुदानित संस्थांमध्ये उच्च शिक्षणाच्या किमान ५ टक्के जागा आणि सरकारी नोकरीत किमान ४ टक्के पदे राखीव असतात. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगला जायचे तुझे ठरलेच होते.

त्या प्रमाणपत्रावर एक टक्केवारी छापलेली असेल आणि ती पाहून तुला रडू येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. कामगार राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा हिशेब टक्क्यांत मांडलेला आहे: अंगठा गेला तर ३०, एका हाताची चार बोटे गेली तर ५०, दोन गेली तर २०. मी २० टक्के गेलेला माणूस, असे कित्येक महिने मला वाटत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले की शरीराच्या हानीचा टक्का आणि कमाईच्या हानीचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेला तर सुताराचे जवळजवळ सगळेच काम जाऊ शकते, आणि सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. दाव्यासाठी वकिलाला हे ठाऊक असेलच. तुला अशासाठी सांगितले की सर्किट बोर्डवर सोल्डरिंग करणाऱ्या मुलीकडून अपघाताने काय नेले याचा हिशेब त्या कागदावर नसतो.

लोक बोलतील. ‘आता हिचे कसे होणार’ हे वाक्य मी तुमच्या जिन्यातच ऐकले, आणि मला वाटते तूही ऐकले असशील. त्याला उत्तर देत बसू नकोस. दुसऱ्या प्रकारचे लोक दाखले घेऊन येतात. निफाडच्या आमच्या एका पाहुण्यांनी मला खरड छाटणीचे उदाहरण दिले होते: एप्रिलमध्ये द्राक्षवेल पार बोडकी करतात, तरी ती पुन्हा फुटते. वेलीचे ठीक आहे. माझी बोटे काही फुटली नाहीत. मुरलीकांत पेटकरांचे नावही तुझ्या कानावर घातले जाईल. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेला हा सैनिक १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकला. माणूस मोठाच. पण मला त्यांच्या कथेतला आधीचा भाग अधिक उपयोगाचा वाटतो: ते मुळात मुष्टियोद्धे होते आणि पाण्यात उतरले ते उपचाराचा भाग म्हणून. उपचाराच्या त्या दिवसांत त्यांच्यापुढे पदक नव्हते, त्या दिवशीचा व्यायाम होता.

काही दिवस फार वाईट जातील. गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर आकडे विचारत नाही, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आले ते विचारतो: गुडघ्याला, कमरेला, छातीला. सकाळी उठल्यावर स्वतःविषयी तसेच विचारत जा आणि वहीत एक शब्द लिहून ठेव. गुडघ्याएवढे असेल तेव्हा जिना उतरून बघ, छातीएवढे असेल तेव्हा बँडेज बदलले तरी पुष्कळ झाले. सलग दोन आठवडे पाणी गळ्याशी राहिले, किंवा जगणे नको असे कधीही मनात आले, तर ते मनात ठेवू नकोस. आईला सांग, डॉक्टरांना सांग, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन कर, तिथे मराठीतूनही बोलता येते.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी येतो आहे. दोन जिने चढून दमलेला असेन, तेव्हा चहा लागेल, आणि तो तू करायचा आहेस. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवून घे. आले किसून घाल, साखर माझ्या कपात अर्धा चमचा. आईला बाहेर माझ्याशी बोलत बसू दे. चहा गाळून झाला की मला हाक मार. कप बाहेर आणायला मी येईन.

तुझा,
काका