साठ टक्के भुकटी घालूनही उष्णता अडते कुठे?

प्रश्न : एलईडीच्या सर्किटभोवती ओतायच्या इपॉक्सीवर (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या राळेवर) माझा प्रकल्प आहे. नुसत्या इपॉक्सीची उष्णतावाहकता ०.२ वॅट प्रति मीटर-केल्विन आली. अल्युमिनाची (अल्युमिनियम ऑक्साइडची) ३० च्या आसपास असते, म्हणून तिची ६० टक्के भुकटी घातली, तरी आकडा ०.४५ च्या पुढे जात नाही. अल्युमिनियम नायट्राइड अल्युमिनाच्या कितीतरी पट वाहक आहे, ते मागवू का?
– पदव्युत्तर विद्यार्थिनी

उत्तर : एवढ्यात मागवू नका. तुमचा प्रयोग फसलेला नाही, आकडा यायला हवा तिथेच आला आहे.

हे ६० टक्के वजनाचे असणार. पण उष्णतेचा हिशेब आकारमानाचा. अल्युमिनाची घनता सुमारे ३.९५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, इपॉक्सीची १.२. म्हणजे १०० ग्रॅम मिश्रणात भुकटी जेमतेम १५ घन सेंटिमीटर आणि इपॉक्सी ३३. आकारमानाने भुकटी ३१ टक्केच! एवढ्यात कण एकमेकांपासून सुटे राहतात आणि प्रत्येक दोन कणांमधली इपॉक्सी उष्णतेला ओलांडावीच लागते. मॅक्सवेलचे १८७३ चे सूत्र अशाच सुट्या गोल कणांसाठी आहे. त्यात ३१ टक्के घाला आणि कणांची वाहकता हवी तर अनंत धरा, उत्तर ०.४७ च्या वर जात नाही. हिरा कुटून घातलात तरी तेच. मग नायट्राइड काय करणार? शिवाय ते पाण्याशी हळूहळू अभिक्रिया करून अमोनिया सोडते, ते सांभाळणे वेगळेच.

तेव्हा भुकटी तीच ठेवा आणि कणाला कण टेकेल असे बघा. एकाच आकाराचे गोल कण कसेही ओतले तर ६४ टक्क्यांच्या आसपास जागा भरतात, फटी उरतातच. त्या फटींत मावतील असे बारीक कण मिसळा. मोठे कण मुख्य, बारीक थोडे. मिश्रण ओतता येईल इतके पातळ राहते आणि भरणही वाढते.

नॅनो भुकटीचा मोह मात्र टाळा. त्यात माझे जवळपास वर्ष गेले. कण जितके बारीक तितके पृष्ठभाग जास्त, आणि प्रत्येक पृष्ठभागावर उष्णता थोडी अडते. हा अडथळा भौतिकशास्त्रज्ञ कापित्झांनी १९४१ मध्ये द्रवरूप हेलियम आणि धातू यांच्या सीमेवर मोजला होता. माझ्या मिश्रणात तो होताच, वर ते इतके घट्ट झाले की हवा बाहेर पडेना. हवेची वाहकता ०.०२६, म्हणजे इपॉक्सीच्याही आठवा भाग. म्हणून ओतण्याआधी निर्वातात बुडबुडे काढणे कधीही चुकवू नका. कणांवर सिलेनचा (कण आणि इपॉक्सी यांना जोडणाऱ्या रसायनाचा) थर दिलात तर इपॉक्सी त्यांना नीट चिकटते.

बोरॉन नायट्राइडबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे ते समोर येईलच. त्याचे कण चपटे असतात, चपट्या पातळीच्या दिशेने उष्णता झरझर नेतात, पातळीला काटकोनात फारच कमी. साच्यात दाबले की ते आडवे पडतात, तुम्हाला मात्र उष्णता बहुधा जाडीतून बाहेर काढायची असते. त्यामुळे आकडा कोणत्या दिशेने मोजला, हे वहीत लिहीत चला.

नवे काही मागवण्यापूर्वी जुन्या तुकड्याचा उभा छेद घ्या, घासून गुळगुळीत करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वरचा व खालचा भाग वेगवेगळा बघा. अल्युमिना जड असल्याने इपॉक्सी घट्ट होईपर्यंत तळाशी बसते. वरच्या भागात कण विरळ दिसले, तर तुमचा ३१ चा आकडाही तिथे खरा नाही.