'पाहणे' आणि 'बघणे' यांत फरक काय? कुठे कोणतं वापरावं?

अनुवाद करताना दर दुसऱ्या वाक्याला इथेच अडायला होतं, आणि शब्दकोशात तर दोन्हींचा अर्थ एकच दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. मी मुद्रितशोधन करते, त्यामुळे ही जोडी माझ्या रोजच्या ओळखीची.

नुसतं डोळ्यांनी बघण्यापुरतं म्हणाल तर फरक अर्थाचा नाही, सुराचा आहे. घरात 'बघितलंस का?', कागदावर 'पाहिले'. कथेतली पुण्याची आई लेकाला 'ते पाहिलेस काय?' म्हणायला लागली की माझी पेन्सिल आपोआप उठते. आई वऱ्हाडातली असेल तर मात्र तिचं 'पाह्यलं' तसंच राहू द्या.

खरी गंमत रुळलेल्या प्रयोगांत आहे. बातमीत 'सरकारपक्षातर्फे अमुक यांनी काम पाहिले' असं छापतात. तिथे 'काम बघितले' करून बघा: वकीलसाहेब कोर्टात हाताची घडी घालून उभे असल्यासारखे वाटतात. मंत्री पूरग्रस्त भागाची 'पाहणी' करतात, अपघाताभोवती जमतात ते 'बघे'. (काही दौऱ्यांना दुसराच शब्द जास्त शोभला असता, पण ते असो.) अर्थसंकल्पाच्या तोंडावर राज्य सरकार मांडतं तीही 'आर्थिक पाहणी'च.

यावरून 'पाहणे' म्हणजे लक्ष देऊन आणि 'बघणे' म्हणजे उगाच, असा नियम काही जण ठोकून देतात. मला तो अजिबात पटत नाही. 'म्हाताऱ्या आईवडिलांना बघणारं कुणी नाही' यातलं बघणं काय रिकामटेकडं आहे? ज्याची त्याची घरं ठरून गेलीत, एवढंच. 'चहा पाहिजे' मधला 'पाहिजे' हेसुद्धा मुळात 'पाहणे'चंच जुनं कर्मणी रूप; 'बघणे'ला तसलं काही सुचलं नाही.

'वाट', 'करून', 'मुलगी' यांच्यापुढे दोन्ही चालतात. तिथे आजूबाजूचा मजकूर वाचून ठरवा आणि एका परिच्छेदात सारखी अदलाबदल करू नका. आज्ञार्थात 'पाहा' आणि 'पहा' दोन्ही शुद्ध आहेत. 'पहाणे' मात्र नाही.

आणि पात्राला टोलवाटोलवी करायची असेल तर 'बघू' लिहा. उसने पैसे मागायला आलेल्याला 'पाहू' म्हटलं तर तो बिचारा आशेवर राहील.