रांग नसलेले उद्यान

प्रौढांसाठीच्या अ‍ॅनिमेशन मालिकांत श्रीमंत माणसे सरसकट खलनायक का असतात आणि त्याला उपहास म्हणावे की प्रेक्षकांच्या मत्सराला घातलेले खतपाणी, असे आपण विचारले आहे. ‘साउथ पार्क’च्या 2001 सालच्या ‘कार्टमनलँड’ या भागात माज आणि मत्सर दोहोंचाही समाचार घेतलेला आहे, म्हणून त्याविषयीच जरा सविस्तर लिहितो.

चौथीत शिकणाऱ्या कार्टमनला आजीच्या मृत्युपत्रातून 10 लाख डॉलर मिळतात आणि त्यातून तो डबघाईला आलेले एक मनोरंजन उद्यान विकत घेतो. कारण एवढेच की त्याला रांगेत उभे राहायचे नाही. उद्यान अप्रतिम आहे, मात्र तुम्हाला तेथे प्रवेश नाही, अशी जाहिरातही तो टीव्हीवर देतो. पण इतर मुले आत घुसू नयेत म्हणून रखवालदार लागतो, रखवालदाराला पगार लागतो, पगारासाठी रोज दोन माणसांना आत घ्यावे लागते, मग दुरुस्तीचा खर्च उभा राहतो, आणि असे करत करत उद्यान गर्दीने भरून जाते व ज्या रांगांना तो कंटाळला होता त्या पुन्हा लागतात. त्यातही कहर म्हणजे, जाणकार म्हणवणारे लोक त्याच्या हट्टालाच विक्रीची असामान्य क्लृप्ती समजून वाखाणतात.

मत्सर कार्टमनचा वर्गसोबती काइल याच्या वाट्याला आला आहे. नालायकाला एवढे सुख लाभलेले पाहून त्याची देवावरची श्रद्धा उडते, मूळव्याधीने तो अंथरुणाला खिळतो, आणि कर व नुकसानभरपाईपायी कंगाल झालेला कार्टमन रडताना दिसल्यावरच त्याला बरे वाटते. म्हणजे लेखकांनी आपल्यालाही सोडलेले नाही.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलात घरकामाच्या बायकांनी आणि डिलिव्हरीच्या मुलांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी, असा नियम आहे. गेल्या पावसाळ्यात ती लिफ्ट बंद पडली, तेव्हा समितीने त्यांना जिना दाखवला. दुसऱ्या दिवशी विसाव्या मजल्याच्या वर एकही बाई कामाला आली नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सूचना फलकावर ‘तात्पुरती सवलत’ जाहीर झाली. मला कार्टमनचा रखवालदार आठवला. (नियम अजून आहे, हे सांगायला नको.)

‘द सिम्पसन्स’ मालिकेतला बर्न्स, म्हणजे अणुवीज प्रकल्पाचा गर्भश्रीमंत मालक, मला थोडा निराळा वाटतो. 1995 साली, लोकांनी अधिक वीज वापरावी म्हणून, तो सूर्यच झाकतो. हे भव्य आहे, पण त्यात आपल्या ओळखीचे कोणी सापडत नाही. 1997 सालच्या भागात मात्र दिवाळे निघालेला बर्न्स लिसा या शाळकरी मुलीकडून पुनर्वापराचे धडे मनापासून गिरवतो आणि शीतपेयांच्या डब्यांना एकत्र धरणारी प्लास्टिकची कडी जोडून समुद्रातले जीव ओरबाडणारे अजस्र जाळे तयार करतो. लिसाला याचा अभिमान वाटेल, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. त्याने देऊ केलेला 1 कोटी 20 लाख डॉलरचा धनादेश ती फाडून टाकते आणि तिच्या वडिलांना हृदयविकाराचे झटके येतात. त्या झटक्यांवर हसताना, त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा विचार मला दर वेळी चाटून जातो.

‘साउथ पार्क’ची भाषा फार शिवराळ आहे, तेव्हा घरची मंडळी सोबत बसणार असतील तर आधी बर्न्सचा हा दुसरा भाग लावावा.